चित्रकथाकारांचे मंडळ: पहिल्या बैठकीपासून पहिल्या छापील संग्रहापर्यंत

पुण्यात चित्रकथा काढणारे बहुतेक जण एकेकटे काम करतात. कोणी दिवसा जाहिरात संस्थेत असतो, कोणी कला महाविद्यालयात शिकत असतो, कोणी बँकेतून निवृत्त होऊन पुन्हा टाक आणि दौत घेऊन बसलेला असतो. मराठीत हास्यचित्राला जुनी परंपरा आहे. दिवाळी अंकाची प्रथा १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पाडली आणि पुढे याच अंकांनी हास्यचित्रकारांना वर्षातून एकदा तरी हक्काची जागा मिळवून दिली, १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या ‘चिंटू’ने रोजच्या चित्रपट्टीची सवय घराघरांत लावली. परंतु सलग चार-आठ पानांची चित्रकथा छापील स्वरूपात द्यायची म्हटली, तर नव्या चित्रकाराला दार ठोठावण्यासारखी ठिकाणे फार थोडी सापडतात. ती जागा मग आपली आपणच उभी करावी लागते आणि एकट्याला ते काम झेपत नाही.

पुण्यातील कामाच्या अनुभवावरून हा लेख लिहिला असला, तरी कोल्हापूर, नाशिक किंवा रत्नागिरीतही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच समजूत आहे: मंडळाने पहिल्याच महिन्यात छापायच्या पानांची संख्या आणि छपाईची तारीख ठरवावी, म्हणजे सभासद किती, बैठका किती, वर्गणी किती हे प्रश्न त्या दोन आकड्यांवरून सुटत जातात. आधी मंडळाचे नाव, मग बोधचिन्ह, मग इन्स्टाग्रामचे खाते आणि शेवटी काम अशा क्रमाने निघालेली मंडळे बहुधा बोधचिन्हापाशीच थांबतात.

माणसे जमवताना

सुरुवातीला सहा ते दहा माणसे पुरेशी असतात. स्वखर्चाने छापलेल्या चित्रकथांचा टोकियोतील ‘कॉमिक मार्केट’ हा मेळावा आज अवाढव्य झाला आहे, पण डिसेंबर १९७५ मध्ये तो प्रथम भरला तेव्हा तेथे केवळ ३२ गट होते. संख्येपेक्षा कामांची विभागणी महत्त्वाची आहे. दहाही जण चित्रकार असतील, तर संहिता कच्ची राहते आणि हिशेब कोणीच ठेवत नाही. दोघे तरी लिहिणारे असावेत, एकाला अक्षररचनेत रस असावा आणि एकाला, चित्र काढता येवो वा न येवो, पैशाचा हिशेब चोख ठेवता यावा.

अशी माणसे कला महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवरून, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या चित्रसाहित्याच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून मिळतात. सूचनेत ‘कॉमिक्सप्रेमींनो, या’ असे मोघम लिहू नये. ‘रविवारी सकाळी दहा वाजता, स्वतः काढलेले एक पान घेऊन या’ असे लिहिले, की केवळ वाचणारे आणि काढणारे आपोआप वेगळे होतात. वाचणाऱ्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पुढे तेच गिऱ्हाईक असतात. पण पहिल्या तीन महिन्यांत टेबलाभोवती हात चालवणारी माणसेच हवीत.

जागा फुकट आणि सार्वजनिक असावी. कॅफेमध्ये टेबले लहान असतात, तासाभरात पुढची ऑर्डर विचारली जाते आणि शाईची बाटली उघडली की मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. वाचनालयाचे सभागृह, गृहसंस्थेची कार्यालयीन खोली किंवा ओळखीच्या शाळेतील रविवारी रिकामा असलेला वर्ग यांपैकी काहीही चालेल. वेळ सकाळची ठेवावी. संध्याकाळी ठेवलेली बैठक हमखास लांबते, मग दूर राहणारे सभासद आणि एकट्या परतणाऱ्या मुली हळूहळू येईनाशा होतात आणि त्यामागचे कारण कोणी बोलूनही दाखवत नाही. अठरा वर्षांखालील मुले येणार असतील, तर पालकांशी आधी एकदा बोलून घ्यावे. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार असे पक्के ठरवून टाकले, की ‘या वेळी कधी भेटायचे’ या प्रश्नावर व्हॉट्सॲपवर खर्ची पडणारा आठवडा वाचतो.

बैठक कशी चालवावी

बैठकीचा पहिला अर्धा तास हात मोकळा करण्यासाठी ठेवावा. साखळी चित्रकथा हा त्यासाठी उत्तम खेळ आहे: एका कागदावर आठ चौकटी आखायच्या, पहिल्याने पहिली चौकट काढून कागद डावीकडच्याला द्यायचा, त्याने दुसरी काढायची, असे करत कागद फिरवायचा. नवख्या माणसाची भीड यात जितक्या लवकर मोडते तितकी ओळखपरेड करून मोडत नाही. वर्षातून एकदा मोठा डावही मांडता येतो. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा पूर्ण करण्याचे आव्हान मांडले आणि नंतर ते जगभर पसरले. नोकरदार मंडळाने त्याची सहा तासांत सहा पाने अशी घरगुती आवृत्ती करावी. झोपही मिळते आणि पानेही हाती लागतात.

त्यानंतरचा सगळा वेळ पाने पाहण्याला द्यावा. इथेच मंडळे बिघडतात, म्हणून पद्धत नीट ठरवून घ्यावी लागते. ‘मस्त झालंय’ ही दाद आणि ‘ॲनाटॉमी चुकली आहे’ हा शेरा, या दोहोंचा चित्रकाराला सारखाच कमी उपयोग असतो. त्याऐवजी पान टेबलावर ठेवावे, चित्रकाराने पहिली पाच मिनिटे काहीही बोलू नये आणि समोरच्या एकाने चौकटीमागून चौकट काय घडते आहे असे दिसते, ते मोठ्याने सांगावे. ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ हे शब्द या पाच मिनिटांत वर्ज्य असतात.

एक उदाहरण घेऊ. एसटी स्टँडवरचे पान आहे. पहिल्या चौकटीत बाई गाडीतून उतरते, दुसऱ्या चौकटीत गाडी उजवीकडे निघून जाते, तिसऱ्या चौकटीत बाई हात उंचावून डावीकडे धावते आहे. चित्रकाराच्या मनात ती गाडीमागे धावते आहे; वाचणारा मात्र सांगतो, ‘गाडी गेली आणि बाईंना पलीकडे कोणी ओळखीचे दिसले.’ चित्रकाराने दिशा उलटली आहे, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही, कारण चूक त्याच्या कानावर पडलेली असते. उपायही तिथल्या तिथे सुचतो: बाईचे तोंड उजवीकडे वळवायचे, किंवा दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये फलाटाचे विस्तृत दृश्य टाकून बाई आणि गाडी एकत्र दाखवायची. वाचन झाल्यावर चित्रकाराने आपल्याला काय अपेक्षित होते ते सांगावे आणि मगच सूचना घ्याव्यात. त्याही तीनपेक्षा अधिक नकोत. चौथी सूचना ऐकेपर्यंत माणूस पहिली विसरलेला असतो.

ज्येष्ठ व्यावसायिक आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकाच टेबलावर असतील, तर वाचण्याचे काम विद्यार्थ्याला द्यावे. ज्येष्ठाच्या पानावर ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला पद्धतीनेच मिळते, स्वभावाने धीट असण्याची गरज उरत नाही. पैसे, छपाई, प्रदर्शन हे व्यवहाराचे विषय शेवटच्या वीस मिनिटांत घ्यावेत. आधी घेतले, तर पाने पिशवीतून बाहेरच येत नाहीत.

पाने मोजणे

छापखान्यात पुस्तकाचा हिशेब फर्म्यात होतो. सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर दोन फर्म्यांचे म्हणजे ३२ पानांचे, वर चार पानांचे वेष्टण असलेले, मध्ये पिन मारलेले ए-५ आकाराचे पुस्तक ही पहिल्या प्रयत्नासाठी योग्य मर्यादा आहे. आतील पाने काळी-पांढरी आणि फक्त मुखपृष्ठ रंगीत ठेवावे. रंगीत आतील पानांचा मोह पहिल्या संग्रहात तरी टाळावा. खर्च वाढतो हे खरेच, पण त्याहून अडचणीची गोष्ट अशी की सात चित्रकारांचे सात पडद्यांवर पाहिलेले रंग कागदावर सात तऱ्हांनी बिघडतात.

आता ३२ पानांची वाटणी पाहा. पहिल्या पानावर शीर्षक, दुसऱ्यावर प्रकाशनाचा तपशील आणि श्रेयनामावली, तिसऱ्यावर अनुक्रम, शेवटच्या ३२व्या पानावर चित्रकारांचा परिचय. मधली ४ ते ३१ ही २८ पाने उरतात, म्हणजे सात जणांना प्रत्येकी चार. या वाटणीत प्रत्येक कथा सम पानावर, म्हणजे डाव्या हाताला सुरू होते. कथेची पहिली दोन पाने समोरासमोर येतात, मग वाचक पान उलटतो आणि तिसरे-चौथे पान समोरासमोर येते. याचा अर्थ, वाचकाला धक्का द्यायचा असेल तो तिसऱ्या पानाच्या पहिल्या चौकटीत द्यावा. दुसऱ्या पानाच्या तळाशी ठेवलेले रहस्य वाचकाच्या नजरेला डावे पान वाचतानाच पडलेले असते. ही गोष्ट सगळ्यांना संहिता लिहिण्याआधी सांगावी. नंतर सांगितली तर पाने पुन्हा काढावी लागतात.

वेळापत्रक बारा आठवड्यांचे धरावे. पहिले दोन आठवडे कथा आणि संहितेला, तिसरा अंगठ्याएवढ्या कच्च्या रेखाटनांना, चौथा डमीला म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याला, पुढचे पाच पेन्सिल आणि शाईला, दहावा अक्षरांना, अकरावा मुद्रितशोधनाला आणि बारावा छापखान्याला. नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला एका पानाला साधारण एक आठवडा लागतो, म्हणून चार पानांना पाच आठवडे दिले आहेत. हे बारा आठवडे कोणत्या महिन्यांत येतात याकडे लक्ष असावे. जुलै ते सप्टेंबरमध्ये व्यावसायिक चित्रकार दिवाळी अंकांच्या कामात गढलेले असतात, कला महाविद्यालयातील मुले गणपतीच्या सजावटीत आणि छापखानेही दिवाळी अंकांत. पहिला संग्रह जानेवारीत सुरू करून मार्चअखेर छापावा, किंवा डिसेंबरमधला पुस्तक महोत्सव गाठायचा असेल तर मे-जूनमध्येच शाई संपवावी.

संहिता, डमी आणि कागद

संपादक एकच असावा आणि त्या संग्रहात त्याची स्वतःची कथा नसावी. ही अट कठोर वाटते, पण दुसऱ्याचे पान परत पाठवणाऱ्याचे स्वतःचे पान मागे पडलेले असले की त्याचा शब्द कोणी मानत नाही. पुढच्या संग्रहात संपादक बदलावा आणि या वेळच्या संपादकाला त्यात पाने द्यावीत.

चार पानांत एकच प्रसंग मावतो. चाळीतल्या नळावरचे भांडण, पीएमपीच्या बसमधील सुट्या पैशांवरून झालेली बाचाबाची, परीक्षेच्या आदल्या रात्री गेलेली वीज एवढाच ऐवज घ्यावा. घराण्याचा इतिहास घेऊ नये. ए-५ पानावर सहा चौकटी आरामात बसतात आणि पानभर मिळून साठ-सत्तर शब्दांच्या पुढे गेले, की चित्रे मजकुरामागे दडपतात. प्रत्येकाने आठ पानी कोऱ्या कागदाची छोटी वही दुमडून तीत कच्ची रेखाटने काढून आणावीत. पडद्यावर पाहिलेल्या पानांत उलटण्याचा अनुभव येत नाही, म्हणून ही डमी कागदाचीच हवी. सगळ्यांच्या डमी एकापुढे एक ठेवून पूर्ण पुस्तक एकदा हाताने उलटून पाहिले, की लागोपाठ दोन कथा पावसातच घडतात किंवा तीन कथांचा शेवट स्वप्नातून जागे होण्याने होतो, हे वेळेत लक्षात येते.

मूळ चित्र ए-४ आकारात काढावे. ते ए-५ ला आणताना लांबी-रुंदी सुमारे ७१ टक्क्यांवर येते, म्हणजे ०.३ मिलिमीटरची रेषा छापताना साधारण ०.२१ मिलिमीटर होते. त्यामुळे ०.१ च्या पेनाने मारलेली बारीक छटारेषा छपाईत तुटते किंवा पुसट होते. पेन्सिलसाठी साधा ड्रॉइंग पेपर आणि शाईसाठी गुळगुळीत आयव्हरी शीट चांगली. टाकाचे टोक खरखरीत कागदात अडकते आणि शिंतोडे उडतात. स्कॅन ६०० डीपीआयला करावा. मोबाइलने काढलेला फोटो कितीही स्वच्छ दिसला, तरी कडा वाकतात आणि एका कोपऱ्यात सावली राहते.

फुगे आणि अक्षरे

मराठी चित्रकथेचे बहुतेक नुकसान अक्षरांमुळे होते आणि मंडळाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे. चांगली काढलेली पाने परदेशी चित्रकथांच्या मापाच्या संवादाच्या फुग्यांत मराठी मजकूर कोंबून वाया घालवलेली अनेकदा दिसतात.

इंग्रजी चित्रकथेत सगळा मजकूर मोठ्या लिपीत लिहितात, त्यामुळे ओळींची उंची सारखी राहते आणि ओळी जवळजवळ बसवता येतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात. ‘पूर्वी’ या शब्दाखाली ‘कृत्ये’ आले आणि ओळी जवळ असल्या, तर वरचा ऊकार खालच्या मात्रेत घुसतो. म्हणून अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळीचे अंतर धरावे, आणि तेवढ्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा मोठा फुगा लागेल हे पेन्सिलच्या टप्प्यावरच गृहीत धरावे. फुगा नंतर टाकायचा म्हणून जागा न सोडता काढलेली चौकट हे संपादकाच्या डोकेदुखीचे पहिले कारण असते. छापील पानावर अक्षर दहा पॉइंटच्या खाली जाऊ नये. ए-४ मूळ चित्रावर हाताने लिहीत असाल, तर तेथे ते चौदा पॉइंटएवढे असले पाहिजे.

ओळी तोडताना श्वास पाहावा. मघाच्या बाईच्या तोंडचे वाक्य घेऊ: ‘अहो कंडक्टर, माझी पिशवी आत राहिलीय! थांबवा की गाडी!’ जागेप्रमाणे तोडले तर ‘अहो कंडक्टर, माझी’ एका ओळीत आणि ‘पिशवी आत’ दुसऱ्या ओळीत येते, वाचणारा ‘माझी’पाशी विनाकारण थांबतो. ‘अहो कंडक्टर’, मग ‘माझी पिशवी’, मग ‘आत राहिलीय’ आणि शेवटी ‘थांबवा की गाडी’ अशा चार ओळी केल्या, की बाईची धाप ऐकू येते. त्यातही शेवटचे तीन शब्द वेगळ्या, जोडलेल्या फुग्यात टाकले तर अधिक चांगले. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात. ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’सारखा शब्द अरुंद फुग्यात मधोमध तोडण्यापेक्षा वाक्यच बदलावे. जोर द्यायचा असेल तर तिरपे अक्षर वापरू नये, ठळक वापरावे. तिरकी केलेली देवनागरी बहुधा पडल्यासारखी दिसते.

संगणकावर अक्षरे टाकणाऱ्यांनी युनिकोड टंकच (फॉन्ट) वापरावेत. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे होतात आणि सात जणांच्या फाइली एकत्र करताना हा घोटाळा अटळ असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. ‘मुक्ता’ निवेदनाच्या पट्टीला आणि गोलाईचा ‘बालू’ संवादाला शोभतो. त्याच संस्थेचा जाडजूड ‘मोदक’ शीर्षकापुरता ठेवावा. पानांची मांडणी करण्याच्या इनडिझाइन या प्रणालीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ सुरू केल्याशिवाय जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. काही चित्रकलेच्या ॲपमध्ये तर त्या बसतच नाहीत. तेथे चित्र त्या ॲपमध्ये काढावे आणि अक्षरे इंकस्केप या संगणकप्रणालीत टाकावीत. ‘ऱ्या’, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ नीट येतात का, हे पूर्ण मजकूर टाकण्याआधी एका ओळीवर तपासावे. काही टंकांत मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय हिंदी वळण येते.

आवाज मात्र हातानेच काढावेत. धाडकन, खळ्ळकन, भस्सकन, डुबुक असे शब्द टंकातून टाकले की चिकटवल्यासारखे दिसतात. शिरोरेषा हा इथे हाताशी असलेला मोठा उपयोगी भाग आहे: ‘खळ्ळकन’ची शिरोरेषाच तडकवता येते, ‘धाडकन’ची एका टोकाला खचवता येते.

हक्क आणि कागदपत्रे

मैत्रीत करार कशाला, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर असे, की करार एका पानाचा असतो आणि भांडण वर्षभराचे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तिचा कर्ताच असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावे लागते. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कलम ५७ मुळे कर्त्याचे नाव आणि कामाची विकृती रोखण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही त्याच्याकडे राहतो.

मंडळाने हक्क विकत घेऊच नयेत. ‘ही कथा या संग्रहाच्या छापील आवृत्तीत, इतक्या प्रतींपर्यंत छापण्याची परवानगी देत आहे, मूळ चित्रे आणि इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील’ एवढ्या दोन वाक्यांवर सही घ्यावी. लेखक वेगळा असेल तर त्याची सहीही वेगळी घ्यावी आणि पुढे ती कथा कोणी मागितली तर पैसे कसे वाटायचे, हे दोघांनी आधीच लिहून ठेवावे. दुसऱ्याची प्रसिद्ध पात्रे सराव म्हणून खुशाल काढावीत. विकायच्या पुस्तकात ती नकोत.

पुस्तकावर ‘वर्ष १, अंक १’ असे छापण्याची हौस आवरावी. ठरावीक काळाने निघणाऱ्या प्रकाशनाला नियतकालिक म्हणून नोंदणी लागते. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. स्वतंत्र नावाचे पुस्तक काढले तर हा प्रश्न येत नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, मात्र अर्ज छपाईच्या बराच आधी करावा. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत प्रकाशनापासून ३० दिवसांत पाठवायची असते. चार प्रतींचा हा खर्च आधीच धरावा.

पैसे आणि छापखाना

गणित सरळ मांडावे. समजा ३०० प्रतींचा सगळा खर्च १८,००० रुपये आला, तर एक प्रत ६० रुपयांना पडली. सात चित्रकार, एक संपादक आणि एक हिशेबनीस अशा नऊ जणांनी २,००० रुपये वर्गणी काढली की छपाईची रक्कम उभी राहते. किंमत १५० ठेवली आणि दुकानदाराने ४० टक्के कमिशन घेतले, तर हातात ९० येतात. स्वतःच्या टेबलावर विकली तर पूर्ण १५०. प्रत्येक सभासदाला आठ प्रती, ग्रंथालयांना चार आणि परीक्षणासाठी चार दिल्या, की विक्रीला २२० उरतात. त्यांतील १२० स्वतः विकल्या गेल्या तर वर्गणी परत देता येते. किंमत ८० ठेवून ‘लोकांना परवडली पाहिजे’ असे म्हणणाऱ्या सभासदाला हाच हिशेब दाखवावा.

साधारणतः तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल आणि पाचशेच्या पुढे ऑफसेट छपाई स्वस्त पडते, कारण ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तेवढाच राहतो. मधल्या संख्येला दोन्हींचे दरपत्रक मागवावे. आतला कागद ९० ते १०० जीएसएम (कागदाच्या जाडपणाचे, म्हणजे दर चौरस मीटरच्या वजनाचे माप) मॅपलिथो घ्यावा. ७० जीएसएममधून मागच्या पानाचा काळा रंग डोकावतो. मुखपृष्ठाला २५० जीएसएम आर्ट कार्ड पुरते. पानाची फाइल कडेला सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवून, म्हणजे १५४ बाय २१६ मिलिमीटरची करावी आणि अक्षरे कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत ठेवावीत. पीडीएफ सुट्या पानांची, क्रमाने द्यावी. फर्म्यात पाने जुळवण्याचे काम छापखान्याचे असते आणि आपण जोड्या लावून दिल्या तर त्याला त्या सोडवत बसावे लागते. काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवावा. चार रंग मिसळलेला काळा छपाई किंचित हलली तरी अक्षराभोवती रंगीत कडा सोडतो. रात्रीचे प्रसंग असतील, पूर्ण काळी पाने असतील, तर ऑफसेटवाल्याला आधी सांगून वाळण्यासाठी एक दिवस जादा मागावा, नाहीतर शाई समोरच्या पानावर उठते.

पैसे देण्याआधी त्याच कागदावर, त्याच यंत्रावरची पिन मारलेली एक पूर्ण प्रत मागावी. ती प्रत तिघांनी वेगवेगळी वाचावी आणि त्यांतील एकाने कथेकडे न पाहता फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहावे. फुग्यातल्या चुका पुस्तकातल्या चुकांपेक्षा अधिक डोळ्यांत भरतात, कारण तेथे शब्दच थोडे असतात.

विक्री आणि त्यानंतर

डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून भरू लागलेला पुणे पुस्तक महोत्सव आणि मुंबईतील कॉमिक कॉन येथे गर्दी मोठी असते, पण टेबलाचे भाडेही त्या मानाने असते. तीनशे प्रतींच्या पुस्तकाने एकट्याने तो खर्च पेलणे अवघड आहे. दोन-तीन मंडळांनी मिळून टेबल घ्यावे. एरवी महाविद्यालयांचे महोत्सव, वाचनालयांचे वर्धापनदिन आणि शाळांतील कार्यशाळा अधिक फलदायी ठरतात. टेबलावर एकाने सतत चित्र काढत बसावे. माणसे पुस्तकांपाशी थांबत नाहीत, चालत्या हातापाशी थांबतात आणि मग त्यांच्या हातात पुस्तक देता येते. दुकानात प्रती ठेवताना पावती घ्यावी, त्यावर संख्या आणि कमिशन लिहून घ्यावे आणि तीन महिन्यांनी स्वतः जाऊन उरलेल्या प्रती मोजाव्यात. दुकानदार आठवण ठेवून पैसे पाठवेल, अशी अपेक्षा धरू नये.

प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी हिशेबनीसाने एका पानाचा जमाखर्च सगळ्यांना द्यावा, मग शिल्लक दहा रुपये असो वा दहा हजार. मूळ चित्रे ज्याची त्याला सही घेऊन परत करावीत. अंतिम पीडीएफ, मूळ स्कॅन आणि वापरलेले टंक दोन वेगळ्या ठिकाणी साठवावेत. पुनर्मुद्रणाची मागणी येते तेव्हा ज्याच्या लॅपटॉपवर फाइली होत्या तो नेमका नोकरीनिमित्त बंगळूरला गेलेला असतो. त्याच बैठकीत पुढचा संपादक निवडावा, त्याच्या हाती कोरी बत्तीस पानी डमी द्यावी आणि चौथ्या पानापासून कोणाकोणाची पाने हे पेन्सिलने लिहून टाकावे.